तंबाखूचा तास वाया का जातो? शिक्षकांनो, या चुका टाळा

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे त्या दिवशी शाळांना उन्हाळी सुट्टी. मग शपथ जूनमध्ये कधीतरी, फोटो वर पाठवायचे असतात म्हणून उरकली जाते. हात पुढे करून मुलं ती घेतात आणि मधल्या सुट्टीत त्यांतलीच काही टपरीवर सुपारीची पुडी फोडतात. शपथेला माझा विरोध नाही, पण त्यातून शरीरात काय होतं ते कळत नाही. जे शिक्षक मुद्दाम वेगळा तास घेतात त्यांचाही तास बऱ्याचदा फुकट जातो, आणि कारणं ठरलेली असतात.

तक्ता फुप्फुसाचा, सवय तोंडाची

ही सगळ्यात मोठी चूक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तरी आपल्या भिंतीवर काळं पडलेलं फुप्फुस आणि सिगारेट ओढणारा सुटाबुटातला माणूस. मुलांच्या घरात मात्र आजीची मशेरी, काकांच्या खिशातली चुन्याची डबी, विदर्भात खर्रा, इकडे मावा. तक्त्यातला माणूस त्यांना आपला वाटतच नाही.

त्याऐवजी सरळ विचारा, तंबाखू मळताना चुना का लावतात? वर्ग एकदम जागा होतो. ‘कडक लागते म्हणून,’ असं कोणीतरी सांगतंच. का कडक लागते, हे आम्ल-आम्लारीच्या धड्यात बसतं. निकोटिन हे सौम्य आम्लारी आहे. साध्या लाळेत त्याचे बहुतेक रेणू विद्युतप्रभारित असतात आणि गालाच्या आतलं अस्तर त्यांना सहज आत घेत नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी झाली की रेणूंचा प्रभार जातो आणि निकोटिन भराभर रक्तात उतरतं. वर चुना अस्तर सोलतो ते वेगळंच. तंबाखू वर्गात न आणता हे दाखवता येतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाका, रंग लालभडक होतो. हळदीचं कुंकू कसं करतात हे ज्यांच्या घरी माहीत आहे ती मुलं लगेच ओळखतात. (निवळी शिक्षकांनीच हाताळावी. चुना डोळ्यात गेला तर भाजतो.)

सुपारी सोडून देणं ही याच चुकीची धाकटी बहीण. गोड सुपारीत तंबाखू नसते, म्हणून पालकच ती मुलाच्या हातावर ठेवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल कडक होतो, तोंड कमी कमी उघडायला लागतं. औषधोपचाराने त्रास कमी होतो, पण गाल पूर्वीसारखा मऊ होईलच असं नाही. आणि याची सुरुवात कशी होते? तिखट झोंबायला लागतं. ठेचा-भाकरी खाणाऱ्या मुलाला हे बरोबर समजतं.

हात धुऊन आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. बहुतेकांची जातात. एखाद्याची गेली नाहीत तर तिथल्या तिथे काही बोलू नका. दाढ दुखत असेल, आणखीही कारण असेल. नंतर बाजूला घेऊन विचारा आणि दंतवैद्याकडे पाठवा.

तीस वर्षांनंतरची भीती

कर्करोगाचे फोटो दाखवले की वर्ग गप्प होतो आणि शिक्षकांना वाटतं, परिणाम झाला. तेरा वर्षांच्या मुलासाठी पंचेचाळिसावं वर्ष अस्तित्वातच नसतं. त्याला या आठवड्याचं सांगा. निकोटिनने बसल्या जागी नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोके वाढू शकते. मुलांना आधी बसून, मग दोरीवरच्या उड्या मारून नाडी मोजू द्या. उड्या न मारताच हृदयाला जादा काम पडणं म्हणजे काय ते कळेल. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, म्हणून कबड्डीत दम आधी तुटतो.

एक प्रश्न हमखास येतो: ‘आमचे आजोबा ऐंशीचे आहेत, रोज खातात, त्यांना काही नाही.’ इथे ‘एकदा खाल्ली की संपलं’ असं बोलून बसला असाल तर तुमची बाजू पडली. खरं सांगा. प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा जीव तिच्यामुळे जातो. आणि कोणाच्या वाट्याला काय येणार, हे आधी सांगता येत नाही.

सगळ्या नशा एकाच मापाने

तंबाखू, दारू, गांजा, सोल्यूशन, सगळ्यांना ‘घातक’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शरीरातलं काम वेगळं आहे. दारूचं यकृतात ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि तेही विषारी. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचा मोठा डोस श्वास मंदावतो. पंक्चरच्या सोल्यूशनची किंवा थिनरची वाफ ओढली तर पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं. तंबाखूबद्दल अतिशयोक्ती केली असेल तर इथली खरी धोक्याची सूचनाही मुलं हसण्यावारी नेतात. मात्र पाचवीच्या वर्गात नशेच्या पदार्थांची यादी वाचून दाखवू नका. जे त्यांनी ऐकलेलंच नाही, ते कशाला शिकवायचं?

प्लॅस्टिकच्या बाटलीत सिगारेट पेटवून कापूस पिवळा करण्याचा प्रयोग अजून कुठे कुठे होतो. शाळेत धूर करायचा, तोही कायद्याने बंदी असलेल्या जागी, आणि मुलांच्या लक्षात राहते ती फक्त काडी ओढण्याची मजा. बंद करा.

‘घरी कोण खातं? हात वर करा’

असं विचारलंत की मूल खोटं बोलतं किंवा घरच्यांची लाज घेऊन बसतं. निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. त्यातून प्रश्नही चांगले येतात. मशेरी लावणारी आजी वाईट नाही, तिला सवय लागली आहे, एवढं वाक्य तरी वर्गात स्पष्ट म्हणा. आणि गुरुजींच्या खिशात पुडी असेल तर आधी तिचा बंदोबस्त. मुलांना वासावरून कळतं.

दप्तरात पुडी सापडली तर प्रार्थनेच्या रांगेपुढे उभं करू नका. ते मूल पुढच्या वेळी पुडी जास्त नीट लपवेल, बाकी काही नाही. एकट्यात विचारा: कधीपासून, दिवसाला किती, कोण देतं. रोजची सवय असेल तर सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थपणा, अभ्यासात लक्ष न लागणं हे होणारच. त्या आठवड्यात वर्गात थोडं सांभाळून घ्या आणि पालकांनाही तसं सांगून ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे, इतर नशांसाठी १४४४६. पुडी देणाऱ्याचं काय करायचं, तेही मुख्याध्यापकांशी बोला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाला ओळखीचा असतो, त्याचा मुलगा कदाचित आपल्याच वर्गात असतो. म्हणून पहिल्यांदा तोंडी सांगा, दुसऱ्यांदा लेखी.