दाखला आहे, पण त्यावर नाव आहे का?

मुलांना अंगणवाडीत, शाळेत घालायचं म्हणून गेल्या वर्षी मी वही घेऊन सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीत फिरले. पूर्व भागातल्या चार गल्ल्या, तीन ते सहा वयाची २३ मुलं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "जन्मदाखला आहे का?" आतून उत्तर, "हाय की!" मी बरोबरची खूण करायची आणि पुढचं दार गाठायचं. २३ पैकी २१ खुणा झाल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

पुढे आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या जागांच्या सोडतीत एका मुलीचा नंबर लागला. कागद तपासून घ्यायला तिच्या आईबरोबर मी गेले. आईने पिशवीतून दाखला काढला, चांगला लॅमिनेशन केलेला. जन्मतारीख, ठिकाण, आईचं नाव, बापाचं नाव, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. फक्त बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. टेबलापलीकडच्या बाईंनी कागद उलटासुद्धा करून पाहिला. मुलगी जन्मली होती आजोळी, कर्नाटकातल्या इंडी तालुक्यात. तिथे जाऊन नाव चढवून आणेपर्यंत मुदत गेली, जागाही गेली. मग मी परत फिरून उरलेले दाखले एकेक करून हातात घेतले. आणखी आठ कोरे निघाले.

म्हणून यंदा जे माझ्याबरोबर फिरणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. नीट वाचा. मला दर दारात तेच तेच सांगायला लावू नका.

सुरुवात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की लगेच. जानेवारीत यात्रा चालू असताना कुणी दारात उभं करणार नाही, आणि मार्चपर्यंत थांबलात तर उन्हाच्या आधी तुमचाच धीर संपेल. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरासमोर दुपारी उभं राहून फॉर्म भरायचा प्रकार मी एकदा केलाय. पुन्हा करणार नाही.

फिरायची वेळ दुपारी तीननंतर. सकाळी जाऊ नका. सकाळी बायका आदल्या दिवशी वळलेल्या विड्या मोजून द्यायला आणि नवीन पान-तंबाखू आणायला गेलेल्या असतात. घरी असते आजी, नाहीतर आठ-नऊ वर्षांची पोरगी. त्यांना विचारून वही भरलीत तर ती वही फेकून द्या. दुपारी बाई घरी असते, पण मांडीवर सूप असतं, बोटं चालू असतात, आणि ती थांबवणं तिला परवडत नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तुमच्याशी बोलण्याची नाही. माझा घोटाळा इथेच झाला. "दाखला आहे का?" याला बोलून उत्तर देता येतं. "दाखला दाखवा" म्हटलं की तिला सूप बाजूला ठेवायचं, तंबाखूचे हात धुवायचे, फळीवरचा डबा काढायचा. म्हणून ती "हाय की" म्हणते आणि आपण मान डोलावतो. यंदा मान डोलवायची नाही. "अक्का, हात मोकळे झाले की दाखवा, मी बसते," म्हणायचं आणि खरंच बसायचं. कागद स्वतःच्या हातात घ्यायचा. रकान्यावर बोट ठेवायचं. नाव वाचायचं. मोठ्याने.

दाखल्यावर नाव नसणं ही कुणाची चोरी नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, दवाखान्यातून कागद जातो, आणि तेव्हा बारसं झालेलं नसतं किंवा नावावरून आजी आणि आत्याचं एकमत झालेलं नसतं. नोंद बिननावाची होते. कायद्यात त्याची सोय आहे. वर्षाच्या आत नाव फुकट चढवता येतं. वर्ष उलटलं तर किरकोळ विलंब शुल्क भरून, पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे अवघड काही नाही, फक्त कुणीतरी जाऊन करावं लागतं. आणि ते होत नाही, कारण घरात सगळे त्या मुलीला चिन्नी म्हणतात आणि चिन्नी हाक मारली की येते.

आता नाव कुठे चढतं ते नीट लक्षात घ्या. जिथे जन्म झाला तिथेच. मूल आज राहतं तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आपल्या सोलापूरकरणींचं माहेर म्हणजे कुणाचं अक्कलकोट, कुणाचं इंडी, कुणाचं विजापूर, कुणाचं कलबुर्गी, तेलुगू घरांत तर थेट तेलंगणा. आपल्या महापालिकेच्या खिडकीवर तुम्ही दिवसभर उभे राहिलात तरी इंडीच्या नोंदीत नाव पडणार नाही. म्हणून वहीत तीन रकाने करा: दाखला पाहिला का, त्यावर नाव आहे का, जन्म कुठला. तिसरा रकाना भरला की कोरे दाखले गावानुसार वेगळे काढा. बाहेरगावच्यांना पहिल्या फेरीतच सांगा, पुढच्या माहेरच्या फेरीत हे काम करूनच या. जाताना आई-बापाची ओळखपत्रं आणि मूळ दाखला बरोबर. आणि नावाचं स्पेलिंग घरीच कागदावर लिहून न्या. खिडकीवर तोंडी सांगितलं की श्रीनिवासचा शिरनवास होतो. एकदा चढलेलं नाव बदलणं हे वेगळंच झेंगट आहे, त्यात शिरू नका.

काही जण म्हणतील, ताई, अंगणवाडीला कुठे दाखला लागतो? बरोबर आहे. अंगणवाडीत बसायला मुलाला दाखला लागत नाही. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर भांडा. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झालाय. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशाला, आधारला, पुढे कशालाही जन्मदाखलाच चालणार. आमच्या वेळी मास्तर १ जून लिहून टाकायचे, तसलं आता काही नाही. तीच मुलं आता अंगणवाडीच्या वयात येतायत, म्हणजे नेमकी आपल्या वहीत येणारी. तेव्हा पुन्हा सांगते, दाखला आहे का हा प्रश्न नाही. दाखल्यावर नाव आहे का, हा प्रश्न आहे.

जन्माची नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर तो वेगळा मार्ग. त्याला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, वेळ जातो. अशी नावं पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे द्या.

मोजणी करताना फक्त तीन वर्षांवरची मुलं मोजू नका. शून्य ते सहा सगळी लिहा, पाळण्यातलीसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा त्यांना हक्क आहे. झोपडपट्टीलाही तो लागू आहे. तीन वर्षांवरची २३ भरली म्हणून आम्ही "संख्या कमी पडते" असं समजून बसलो होतो. तान्ही धरली असती तर चाळिशी कधीच ओलांडली असती. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, यादी जोडा. यादीत मुलाचं नाव लिहिताना चिन्नी, बाबू, पापा लिहू नका. दाखल्यावरचं लिहा. (नसेल तर काय करायचं ते वर सांगितलंय.)

अंगणवाडी असेल तर आधी स्वतः जाऊन या. खोली केवढी आहे, पंखा चालतो का, संडास उघडा आहे की कुलपात, पाणी कुठून येतं. सेविकेशी गोडीने बोला. तिच्याकडे वजनं, आहार, लसीकरणाचे दिवस, मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर, सगळं एकटीवर असतं. तिच्या दारात एकदम दहा नवी पोरं उभी करून "घ्या" म्हणायचं नाही, आधी सांगायचं. शासनाच्या कागदावर योजना १९७५ सालची, पण अंगणवाडी हे नाव आणि कल्पना ताराबाई मोडकांची, बोर्डीची. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, इतका साधा विचार. आपण नेमकं उलटं करतो, एका कुलूपबंद खोलीकडे बोट दाखवतो आणि आया येत नाहीत म्हणून त्यांनाच नावं ठेवतो. कुंभारीच्या विडी घरकुलाकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, ते दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं. शहराच्या कार्यालयात तिथले अर्ज देऊन परत येऊ नका.

घरच्यांना पटवताना "शिक्षणाचं महत्त्व" वगैरे भाषण नको. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मोठ्या बहिणीबद्दल बोला. वस्तीत प्रत्येक चार-पाच घरांमागे एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात बसलेली असते. दुसरी-तिसरीत नाव आहे, शाळेत जाते आठवड्यातून दोनदा. धाकटा सकाळी अंगणवाडीत बसला की ती शाळेत जाते. एका घरात हे मी आईला सांगत होते, तर ती पोरगीच मधे म्हणाली, "मग उद्यापासून का नाही?" आई हसली, पण दुसऱ्या दिवशी धाकटा आला. आणायला-न्यायला कोण, हे मात्र त्याच बैठकीत ठरवा. अंगणवाडी सुटते तेव्हा आई विड्या देऊन परतलेली नसली तर मूल पायरीवर बसून राहतं, आणि चौथ्या दिवसापासून येत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळ्या लावल्या तर जमतं.

आरटीईबद्दल थोडक्यात. विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा, दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख, वंचित घटकाला जातीचा दाखला. ज्या शाळेचा प्रवेश नर्सरीपासून आहे तिथे नर्सरीतच मिळतो, त्यासाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार, आणि आपल्याकडे तो कुणाकडेच नसतो, तेव्हा घरमालकाशी आत्ताच बोला. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची खूण तुम्ही स्वतः लावा, नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. तारखा दरवर्षी हलतात, नियमही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली, मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैत ते रद्दच केलं, आणि आया बिचाऱ्या दोनदा अर्ज भरत बसल्या. अर्जातला मोबाईल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. बाप भिवंडीला आणि ओटीपी बापाच्या फोनवर, हे झालंय. आणि अर्जाबरोबर दाखला. कसला दाखला? नाव असलेला.

भाषा. घरी तेलुगू किंवा कन्नड, मोहल्ल्यात उर्दू, अंगणवाडीत मराठी. मूल पहिले आठ दिवस बोलत नाही म्हणून ते मंद नाही. "नीळ्ळू" म्हणजे पाणी मागतंय, इतकं तरी सेविकेला सांगून ठेवा. शू-शीचा शब्द तर नक्की. पहिले काही दिवस आजी कोपऱ्यात बसली तर बसू द्या.

बालआधार पाच वर्षांखाली निळं, बोटांचे ठसे नाहीत, पाचव्या वर्षी द्यावे लागतात. त्यावर दाखल्यावरचंच नाव येऊ द्या. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, असं झालं की पहिलीच्या प्रवेशाला तुम्हालाच बोलावणार.

लसीकरणाचं कार्ड, दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स. चड्डीची एक जास्तीची जोडी. चपला. पाण्याची बाटली. हे सांगायला नको.

लॅमिनेशन करू नका. कोऱ्या दाखल्याचं तर अजिबात नको. वीस-तीस रुपये जातात आणि बाईला वाटतं काम पुरं झालं.

ती मुलगी सध्या अंगणवाडीत बसते. जूनमध्ये तिची आई इंडीला जाऊन नाव चढवून आली, परत येताना उतरल्या उतरल्या आधी माझ्या दारात येऊन कागद दाखवून गेली. उरलेल्या आठांपैकी पाच झाले, तीन अजून तसेच आहेत, दोन तेलंगणातले आणि एक इथलाच, ज्याला काहीच कारण नाही.

पहिली फेरी गड्डा उठल्यावरच्या सोमवारी, दुपारी तीनला, अशोक चौकात भेटू. वही मी आणते. तुम्ही पेन आणा, आणि ज्यांना लागतो त्यांनी चष्मा आणा. तो रकाना बारीक असतो.