क्रूझवर चढण्याचा दिवस: सोलापूरहून निघताना तयारी कशी करावी

क्रूझची सहल ठरवताना केबिन कोणती घ्यावी, गोव्याला जावे की लक्षद्वीपला, एकूण खर्च किती येईल, यावर घरात भरपूर चर्चा होते. जहाजात चढण्याच्या दिवसाचा विचार मात्र तिकीट हातात आल्यानंतरही फारसा होत नाही. वास्तविक संपूर्ण सहलीत गडबड होण्याची सर्वांत जास्त शक्यता याच दिवशी असते. मुंबईकराचा हा दिवस घरून टॅक्सीत बसल्यावर सुरू होतो, सोलापूरकराचा मात्र आदल्या रात्रीच रेल्वे स्टेशनवर सुरू झालेला असतो. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 2021 पासून अशा सहली नेत आहे. सोलापूरच्या प्रवाशाने त्या दिवसाची आखणी कशी करावी आणि बंदरावर पोचल्यापासून जहाज सुटेपर्यंत काय काय घडते, ते येथे क्रमाने मांडले आहे.

कागदपत्रे आणि वेब चेक-इन

वेब चेक-इन सुरू होताच ते पूर्ण करून टाकावे. यात प्रत्येक प्रवाशाची माहिती, ओळखपत्राचा तपशील, आजारपणासंबंधीची प्रश्नावली आणि आपत्कालीन संपर्काचा क्रमांक भरावा लागतो, आणि त्यानंतरच बोर्डिंग पास मिळतो. बंदरावर कधी यायचे ती वेळही बहुधा याच टप्प्यावर ठरते. लवकरची वेळ उपलब्ध असेल तर तीच घ्यावी, कारण दुपार चढते तशी रांग वाढत जाते.

तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे घरीच जुळवून पाहावे. सोलापुरात याची गरज अधिकच आहे. येथील तेलुगू भाषक घरांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, काही आधार कार्डांवर वडिलांचे नाव फक्त आद्याक्षराने येते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या अनेक स्त्रियांच्या एका कागदावर माहेरचे तर दुसऱ्यावर सासरचे नाव असते. तिकीट काढताना एजंटाला नाव तोंडी न सांगता ओळखपत्राचा फोटो पाठवावा. तरीही फरक राहिला तर तो निघण्याच्या दिवसापूर्वी दुरुस्त करून घ्यावा; काउंटरवर उभे राहून अशी दुरुस्ती करून मिळेल, या भरवशावर राहू नये.

देशांतर्गत सफरीसाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र मूळ स्वरूपात लागते, झेरॉक्स चालत नाही. लहान मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला बरोबर ठेवावा. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे त्या सफरीची कागदपत्रे कंपनी मागेल त्या मुदतीत द्यावीत. परदेशी बंदराला जाणाऱ्या जहाजासाठी पासपोर्ट आवश्यक असून सहल संपल्यानंतर किमान सहा महिने त्याची मुदत शिल्लक असावी, अशी अपेक्षा साधारणपणे असते. चोवीस आठवड्यांपुढील गर्भवती स्त्रियांना आणि सहा महिन्यांखालील बाळांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. हा नियम बंदरावर कळला तर सगळे घरच माघारी फिरते, म्हणून पैसे भरण्यापूर्वीच तो विचारून घ्यावा.

सोलापूर ते बंदर

जहाज संध्याकाळी सुटत असले तरी प्रवेश दुपारी सुरू होतो आणि सुटण्याच्या तासदीड तास आधी बंद होतो. तिकिटावर चेक-इन बंद होण्याची वेळ छापलेली असते. आपले सारे गणित त्या वेळेवर बसवावे आणि जहाज सुटण्याची वेळ विसरून जावी. रेल्वेला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, आणि चुकलेल्या प्रवाशाला पैसे परत मिळण्याची आशाही फारशी नसते.

सोलापूरहून सीएसएमटीला थेट जाणाऱ्या गाड्यांपैकी दोन या कामी विशेष उपयोगी आहेत. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईला पोचते. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला येते. ती आठवड्यातून एक दिवस बंद असते. वंदे भारत सोयीची दिसते, परंतु जहाजाच्या दिवशी मी ती सुचवणार नाही. वाटेत कुठे तांत्रिक बिघाड झाला किंवा घाटात गाडी अडकली, तर हाताशी उरलेले दोन-तीन तास बघता बघता संपतात. सिद्धेश्वरने गेल्यास तीन तासांचा उशीरही पचवता येतो, शिवाय स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरून, नाश्ता करून, निवांतपणे निघता येते. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील तर एक दिवस आधीच मुंबईत मुक्काम करावा. त्या एका रात्रीच्या खर्चाबद्दल कुरकुर करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण दमलेला माणूस जहाजावर पोचून पहिली संध्याकाळ झोपेतच घालवतो.

मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियर येथे आहे आणि सीएसएमटीहून टॅक्सीने ते अगदी जवळ पडते. टॅक्सीवाल्याला नुसते ‘बोटीला जायचे आहे’ असे सांगितल्यास तो मांडव्याच्या रो-रो बोटीसाठी भाऊच्या धक्क्याला किंवा अलिबागच्या लाँचसाठी गेटवेला नेऊन सोडण्याची शक्यता असते. म्हणून तिकिटावर लिहिलेले गेटचे नाव त्याला दाखवावे आणि बॅलार्ड इस्टेटचा उल्लेख करावा. गोदीचा परिसर सुरक्षित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे गेटवरच बोर्डिंग पास आणि ओळखपत्र दाखवावे लागते. ही दोन्ही कागदपत्रे बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावीत.

सामानाची वाटणी

या दिवसाचा खरा कस सामानात लागतो. टर्मिनलवर पोचताच मोठ्या बॅगा हमालांकडे किंवा सामानाच्या काउंटरवर सोपवायच्या असतात. त्या एक्स-रे यंत्रातून जाऊन, केबिन क्रमांकानुसार वेगळ्या होऊन, आपल्या केबिनच्या दाराशी येतात. परंतु यात काही तास जातात आणि कधी कधी रात्रीच्या जेवणाची वेळही होते. तोपर्यंत आपल्याजवळ फक्त हातातली बॅग असते. म्हणून बॅगा भरतानाच दोन वेगळे ढीग करावेत आणि दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात लागू शकेल ती प्रत्येक वस्तू हातातल्या बॅगेत घालावी.

त्या बॅगेत सर्वांत आधी औषधे ठेवावीत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डबीत सुट्या न काढता मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्याव्यात. इन्सुलिन असल्यास केबिनमध्ये फ्रिज आहे का, याची चौकशी आधीच करावी. त्यानंतर कागदपत्रे, पैसे, दागिने, चष्मा, चार्जर, मुलांचा एक कपड्यांचा जोड, आणि पोहण्याची हौस असेल तर पोहण्याचे कपडे. तलाव दुपारपासून खुला असतो, आणि ज्यांचे कपडे मोठ्या बॅगेत अडकलेले असतात त्यांना काठावर बसून राहावे लागते.

मोठ्या बॅगेला लावायचा टॅग कंपनी ई-मेलने पाठवते किंवा टर्मिनलवर देते. घरी छापलेला कागदी टॅग ठरलेल्या रेषांवर दुमडून, हँडलभोवती गुंडाळून स्टेपल करावा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी फिरवावी. नुसता स्टेपल केलेला कागद पट्ट्यावर घासून फाटतो. नाव, केबिन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आतही टाकावी. रेल्वेचे आणि जुन्या विमानप्रवासाचे टॅग काढून टाकावेत.

आता काय नेऊ नये ते पाहू. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी मानली जाते, त्यामुळे इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हे सारे काढून घेतले जाते. घरातून निघताना देव बरोबर नेण्याची ज्यांची रीत आहे, त्यांनी निरांजन, उदबत्ती, कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवावी. सुरी, मोठी कात्री आणि बाहेरची दारू चालत नाही. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या पानाच्या चंचीत अडकित्ता असतो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. यंत्राच्या पडद्यावर मात्र तो धारदार वस्तू म्हणून ठळक उमटतो आणि मग सगळी बॅग उपसून काढावी लागते. सुपारी आधीच कातरून घ्यावी आणि अडकित्ता घरी ठेवावा.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांचा प्रश्न सोलापूरकर हमखास विचारतात. घरी केलेले खाद्यपदार्थ बहुतेक कंपन्या जहाजावर येऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेल्या कोरड्या पाकिटांबाबत नियम थोडे सैल असतात, परंतु तेही कंपनीगणिक बदलतात. म्हणून भाकरी, चटणी, धपाटे रेल्वेत खाऊन संपवावेत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी जेवणाची चांगली सोय असते आणि जैन जेवणही आगाऊ सांगितल्यास मिळते, त्यामुळे उपाशी राहण्याची चिंता करू नये.

टर्मिनलच्या आत

सामान सोपवल्यावर क्रम साधारण असा असतो: प्रथम हातातल्या बॅगेची आणि स्वतःची सुरक्षा तपासणी, मग चेक-इन काउंटर, परदेशी सफर असल्यास इमिग्रेशन, आणि शेवटी जहाजाकडे नेणारी शिडी किंवा पूल. काउंटरवर ओळखपत्र पाहून छायाचित्र काढले जाते आणि एक कार्ड दिले जाते. हे कार्ड केबिनची किल्लीही असते, जहाजावरचे पाकीटही असते आणि मधल्या बंदरावर उतरून परत येतानाचे ओळखपत्रही असते. जहाजावर रोख व्यवहार सहसा होत नाहीत. कार्डावरचा खर्च क्रेडिट कार्डाला जोडला जातो किंवा आगाऊ रोख रक्कम भरावी लागते. मुलांच्या कार्डावर खर्चाची परवानगी ठेवायची की नाही, हे तिथेच सांगावे. व्हीलचेअर हवी असल्यास ती तिकीट काढतानाच नोंदवावी.

जहाजात पाय ठेवल्यावर

केबिन लगेच मिळेल असे समजू नये, कारण त्याच सकाळी आधीचे प्रवासी उतरलेले असतात आणि सफाई चालू असते. हा वेळ जेवणासाठी वापरावा. दुपारचे जेवण बुफे पद्धतीचे असते आणि सगळे प्रवासी तिथेच लोटतात, म्हणून आधी एक फेरी मारून पदार्थ पाहून घ्यावेत. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर आपली पाळी कोणती, हे कार्डावर पाहावे आणि बदल हवा असल्यास दुपारीच सांगावे.

केबिन उघडल्यावर पलंगाखालची जागा पाहावी, कारण रिकाम्या बॅगा तिथेच जातात. न्हाणीघराचा उंबरा घरच्यापेक्षा उंच असतो. वडीलधाऱ्यांना तो हाताने दाखवून द्यावा, कारण रात्री जहाज हलत असताना तिथे ठेच लागते. शौचालय हवेच्या दाबावर चालते, त्यात कागदी रुमाल किंवा मुलांचे डायपर टाकू नयेत. बाल्कनी असल्यास मुलांना तिथे एकटे सोडू नये.

सुरक्षा कवायत

‘मस्टर ड्रिल’ या नावाने ओळखली जाणारी कवायत अनेकांना सहलीतील व्यत्यय वाटते. मला हा या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास वाटतो. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाल्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचीच पुढची रूपे आजही आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या प्रवासी जहाजांना लागू आहेत. पूर्वी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत कवायत घेतली तरी चालत असे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकाला धडकले आणि 32 जणांचा जीव गेला; त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

आपले जमण्याचे ठिकाण कार्डावर आणि केबिनच्या दारामागे लिहिलेले असते. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकू आल्यावर आपल्या ठिकाणी जायचे, लिफ्ट वापरायची नाही, आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे ते पाहून घ्यायचे. काही जहाजांवर ध्वनिचित्रफीत पाहून नंतर ठिकाणावर हजेरी लावण्याची पद्धत आहे. ती हजेरीही टाळू नये. केबिनपासून त्या ठिकाणापर्यंतचा जिना एकदा मुलांना हाताला धरून चालून दाखवावा, म्हणजे गोंधळात घरातले सगळे एकाच दिशेने जातील. मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट वेगळे असते, ते आपणहून मागून घ्यावे.

जहाज सुटताना आणि त्यानंतर

बंदरातून जहाजाला वाट दाखवणारा पायलट जहाजावर येतो, दोर सुटतात आणि जहाज धक्क्यापासून हळूहळू दूर सरकते. हे पाहण्यासाठी वरच्या डेकवर अर्धा तास आधी जावे, कारण कठड्याजवळची जागा लवकर भरते. जहाज लागण्याची भीती असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सुटण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही. पोट रिकामे ठेवू नये, जहाजाच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसावे किंवा मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत राहावे.

घरी ‘निघालो’ म्हणून कळवायचे असेल तर किनारा जवळ असतानाच फोन करावा. थोड्या वेळाने मोबाइलची रेंज जाते आणि फोन जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला जोडला जाऊ शकतो, ज्याचे दर फार मोठे असतात. म्हणून सर्वांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकावेत आणि गरज असल्यास जहाजाचे वायफाय विकत घ्यावे. पुढे सोलापूरला परतायच्या गाडीचे तिकीट आणि महत्त्वाचे क्रमांक त्याआधी फोनमध्ये साठवून ठेवावेत.

रात्रीच्या जेवणाआधी केबिनकडे एक चक्कर मारावी. बॅग दाराशी आलेली नसेल तर शेजारच्या दारांसमोर नजर टाकावी, कारण सारख्या दिसणाऱ्या केबिन क्रमांकांमुळे ती तिथे गेलेली असू शकते. तिथेही नसेल तर रिसेप्शनवर केबिन क्रमांक आणि बॅगेचा रंग सांगावा. आत मनाई असलेली वस्तू दिसल्यामुळे बॅग सुरक्षा कक्षात राखून ठेवली असेल, तर ती मालकाच्या समक्ष उघडली जाते, म्हणून किल्ली बरोबर घेऊनच खाली जावे.