मित्रांचे लाडके पु.ल. आपल्याला रुचत नसतील तर

निकाल देण्याआधी एवढं करा. सुरुवात ‘बटाट्याची चाळ’पासून नको, इंदुरात वाढलेल्याने गिरगावातली चाळ पाहिलेली नसेल तर बरेच विनोद निसटतात. त्याऐवजी ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्या (१९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार). त्यातली दोनच व्यक्तिचित्रं, एका बैठकीला एक. सलग वाचली की लेखकाच्या लकबी खटकू लागतात. मग ध्वनिमुद्रित कथाकथन ऐका. पुष्कळशी गंमत त्यांच्या थांबण्यात आहे, आणि ते थांबणं छापील ओळीत दिसत नाही. तरीही हसू आलं नाही? पुस्तक खुशाल परत करा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कुणी छेडलंच, तर “मला नाही भिडलं” एवढंच म्हणा. “ओव्हररेटेड” म्हणालात, तर समोरचा तळलेला गराडू (कंद) थंड होईपर्यंत वाद चालेल.