किल्ल्यांच्या जुडग्यात कोणतं मल्टिटूल?

मल्टिटूल म्हणजे एकात मिटणारी अनेक छोटी अवजारं. आधी ठरवा: रोज कात्री लागते की पक्कड? व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक एसडी मिटवल्यावर 58 मिमी, वजन जेमतेम 21 ग्रॅम. पातं, कात्री, चिमटा, दातकोरणं आणि नखांची कानस, कानशीच्या 2.5 मिमी टोकाने छोटे स्क्रू फिरतात. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, सुटलेला दोरा, एवढ्याला हे पुरतं आणि खिशात जाणवतही नाही. फिलिप्स (अधिक चिन्हाच्या खाचेचे) स्क्रू नेहमी काढत असाल तर व्हिक्टोरिनॉक्सचंच त्याच मापाचं रॅम्बलर घ्या.

लेदरमन मायक्रा मिटवल्यावर 6.5 सेंमी आणि सुमारे 50 ग्रॅम, पण कात्री कितीतरी दणकट. गर्बर डाइममध्ये पक्कड मिळते. तिने तार वाकवा, अडकलेली चेन ओढा. घट्ट नट मात्र पिळू नका, सांध्याची पिन ढिली होते. स्कूटरच्या किल्लीला एवढं वजन नको, घराच्या जुडग्यात ठेवा.

कात्री आपोआप उघडेनाशी झाली तर बहुधा स्प्रिंगजवळ खिशातला कचरा साचलेला असतो. कोमट पाण्यात उघडझाप करा, पूर्ण वाळवा, सांध्यावर तेलाचा एकच थेंब सोडा. विमानाने जाताना किल्ल्यांतून काढून चेक-इन बॅगेत टाका. पातं छोटं असलं तरी सुरक्षा तपासणीत काढून घेतात.