ऑनलाइन स्टोअर आणि गूगलचा बॉट: या चुका टाळा

मी साड्यांचं एक छोटं ऑनलाइन स्टोअर सांभाळते, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) आहे, माल म्हणाल तर सगळ्या मिळून 180 साड्या. एकदा सर्च कन्सोल (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं आणि पेजेसच्या रिपोर्टमध्ये बघते तर दोन हजारांच्या वर यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते! 180 साड्यांच्या दुकानात एवढी पानं आली कुठून? फिल्टरमधून, प्रत्येक कॉम्बिनेशनचा पत्ता वेगळा. रंग 12, कापडाचे प्रकार 5, किमतीचे गट 4, वर वूकॉमर्स सॉर्टिंगचे 6 पर्याय स्वतःहून देतं. प्रत्येक फिल्टरमध्ये एक तर काहीतरी निवडायचं नाहीतर रिकामं सोडायचं, म्हणजे 13 गुणिले 6 गुणिले 5 गुणिले 6, झाले 2340. माणूस यातले दोनचार कॉम्बिनेशन बघून थांबतो, गूगलचा बॉट, म्हणजे साइटची पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, मात्र लिंक दिसली की जातो, आणि या गर्दीत नवीन टाकलेली पैठणी त्याच्या नजरेला यायला उशीर होतो, आपलं खरं नुकसान तिथे होतं.

आता इथे सगळ्यात जास्त होणारी चूक, जी मीपण केली. घाबरून रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणारी साइटवरची फाइल) फिल्टरचे सगळे यूआरएल डिसअलाउ केले, म्हणजे बॉटला तिथे मनाई केली, आणि डबल सेफ्टी म्हणून त्याच पानांवर नोइंडेक्सपण (गूगलच्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, घेऊ नका ही खूण) लावलं. महिनाभराने बघितलं तर पानं तशीच गूगलमध्ये, फक्त खालचं वर्णन गेलेलं आणि कन्सोलमध्ये शेरा की रोबॉट्स.टीएक्सटीने ब्लॉक केलंय तरी इंडेक्स झालंय. कारण साधं आहे हो, रोबॉट्स.टीएक्सटी म्हणजे दारावर "आत येऊ नका", आणि नोइंडेक्स म्हणजे आतल्या भिंतीवर लिहिलेलं "हे कुणाला दाखवू नका". बॉटला दारातच अडवलं तर तो आतलं वाचणार कसं? आणि बाहेरून त्या पानाची लिंक त्याला मिळाली की तो आत न येताही पत्ता लिस्टमध्ये ठेवू शकतो. म्हणून पानं आधीच इंडेक्स झाली असतील तर क्रम असा ठेवा: आधी डिसअलाउ काढा, नोइंडेक्स राहू द्या, बॉटला येऊन ते वाचू द्या, पानं इंडेक्समधून गळेपर्यंत थांबा, मगच डिसअलाउ परत लावा. स्टोअर अगदी नवीन असेल आणि फिल्टरची पानं अजून इंडेक्समध्ये गेलीच नसतील तर पहिल्या दिवसापासून डिसअलाउ केलेलं चालतं. काही जुन्या लेखांत अजून सांगतात की नोइंडेक्सची ओळ रोबॉट्स.टीएक्सटीमध्येच टाका, गूगलने ते 1 सप्टेंबर 2019 पासून बंद केलंय, टाकून काही होत नाही.

कार्ट, चेकआउट, माय अकाउंट यांना वूकॉमर्स स्वतःच नोइंडेक्स लावतं, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

सगळीच फिल्टरची पानं फालतू असतात असंही नाही बरं का. लोक खरंच "मरून पैठणी" असं शोधत असतील तर त्यासाठी व्यवस्थित कॅटेगरी बनवा, दोन ओळी स्वतः लिहा, मेनूमधून लिंक द्या, आणि बाकीची कॉम्बिनेशन बंद करा.

दुसरी मोठी चूक स्टेजिंगची (बदल करून बघायला ठेवलेली साइटची वेगळी कॉपी), आणि ती मला ऐन दसऱ्याच्या तोंडावर नडली. नवीन थीम स्टेजिंगवर करत होतो, तिथे वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनांना नको म्हणायची टिक लावलेली होती (ती लावायलाच हवी होती), आणि लाइव्ह करताना डेटाबेससकट ती टिकपण लाइव्हवर गेली. साइट एकदम मस्त दिसतेय, ऑर्डरी येतायत, कुणाला काही कळेना, आणि हळूहळू एकेक कॅटेगरी गूगलमधून गायब. ग्राहक ताई फोनवर म्हणाल्या, "अहो, तुमचं दुकान सापडतच नाहीये, बंद केलंत का?" तेव्हा कुठे पानाचा सोर्स उघडून बघितला. तेव्हापासून स्टेजिंगला सरळ पासवर्ड लावतो, म्हणजे टिकचा प्रश्नच येत नाही, आणि लाइव्ह केल्यावर होमपेज, एक कॅटेगरी आणि एक साडी अशी तीन पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून लाइव्ह टेस्ट करतो.

रोबॉट्स.टीएक्सटी कुणीही उघडून वाचू शकतं हे विसरू नका. एका दुकानाच्या फाइलमध्ये मी ग्राहकांच्या बिलांच्या फोल्डरचा पत्ता डिसअलाउ करून लिहिलेला बघितला, म्हणजे लपवायला गेले आणि पत्ता जाहीर करून बसले. लोकांची नावं, पत्ते, फोन असलेल्या फाइलींना लॉगिनच पाहिजे, दुसरा उपाय नाही. साइझ चार्ट, कॅटलॉग अशा साध्या पीडीएफ गूगलमध्ये नको असतील तर पीडीएफमध्ये नोइंडेक्सचा मेटा टॅग लावता येत नाही, त्यासाठी सर्व्हरकडून एक्स-रोबॉट्स-टॅग हा हेडर (फाइलीसोबत जाणारी सूचना) पाठवावा लागतो, होस्टिंगवाल्याला सांगितलं की करून देतो.

अजून एक बारीक गोष्ट, जी पटकन लक्षात येत नाही. फाइलमध्ये सगळ्या बॉटसाठी नियम लिहिलेत आणि नंतर खाली गूगलबॉटसाठी वेगळा गट काढून एकच ओळ टाकलीत, तर गूगलबॉट फक्त स्वतःचा गट पाळतो, वरचे सगळे नियम त्याच्यापुरते संपले. वेगळा गट करायचाच असेल तर सगळे नियम त्यात परत लिहा. पत्त्यात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात. क्रॉल-डिले (बॉटला दोन फेऱ्यांमध्ये थोडं थांबायला सांगणारी ओळ) गूगल बघतच नाही. आणि थीमच्या सीएसएस, जावास्क्रिप्ट फाइली ब्लॉक करू नका, पान नीट दिसलं नाही तर त्यात काय आहे हे त्याला कळणार कसं.

कॅनॉनिकलबद्दल (सारख्या पानांपैकी मुख्य कुठलं ते सांगणारा टॅग) एवढंच, तो हुकूम नाही, सूचना आहे, गूगलला पटली नाही तर तो दुसरं पान निवडतो. कॅटेगरीच्या पान 2, पान 3 वर पान 1 चा कॅनॉनिकल लावू नका, त्यांच्यावरच्या साड्या वेगळ्या असतात, प्रत्येकाचा कॅनॉनिकल त्याचा त्यालाच.

संपलेल्या साड्यांचं काय? परत येणार असेल तर पान राहू द्या, आउट ऑफ स्टॉक लिहा. कधीच येणार नसेल आणि अगदी तशीच दुसरी असेल तर तिकडे 301 (कायमचं वळवणं), नाहीतर सरळ 404 (पान नाही हा निरोप). सगळं होमपेजवर ढकलू नका, गूगल त्याला सॉफ्ट 404 (पान उघडतं पण खरं तर नाहीच) धरतं आणि ग्राहकही वैतागतो, बिचारा निळी इरकल बघायला आलेला असतो.

आणि फाइल बदलली की लगेच दहा मिनिटांनी परत बदलू नका. गूगल रोबॉट्स.टीएक्सटीची कॉपी साधारण 24 तास जवळ ठेवतं, आणि पानं गळायला तर कितीतरी आठवडे लागतात. माझे ते दोन हजार यूआरएल उतरायला जवळजवळ तीन महिने गेले, दर सोमवारी आकडा वहीत लिहून ठेवायचे.