दसऱ्याला लस, मगच कार्तिकीचा बाजार

गळीत हंगाम तोंडावर आलाय. ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरतील, पंढरपूरजवळ वाखरीला कार्तिकीचा जनावरांचा बाजार भरेल. दहा गावची जनावरं एका हौदावर पाणी पितील, तिथूनच लाळ्या-खुरकूत हा जनावरांच्या तोंडा-खुरांचा साथीचा रोग गोठ्यात येतो. दसऱ्याला लस टोचली तर एकादशीपर्यंत बरोबर महिना मिळतो. हा महिना का लागतो, ते समजून घ्या.

या रोगाचा विषाणू म्हणजे आरएनए या जनुकीय रेणूचा एक धागा आणि त्यावर प्रथिनांचं कवच. कवचावरचा एक वेटोळा भाग जिभेच्या, खुरांच्या कातडीतल्या पेशींवरच्या प्रथिनांना नेमका अडकतो. पेशी त्याला आत ओढून घेते, आतल्या आम्लानं कवच फुटतं आणि धागा मोकळा होतो. मग विषाणू कात्रीसारखं एक प्रथिन तयार करतो. पेशी स्वतःची प्रथिनं बनवायचे निरोप ज्या प्रथिनाच्या आधारानं वाचते, तेच ही कात्री तोडते. पेशीचं काम थांबतं, शेजारच्या पेशींना सावध करणारा इंटरफेरॉनही पुरेसा बनत नाही. विषाणूच्या धाग्याला मात्र वेगळी वाट असते, त्याचं उत्पादन सुरूच राहतं. काही तासांत पेशी फुटते. तोंडाला लाळेच्या तारा, चपचप आवाज, जिभेचं सोललेलं कातडं आणि सारखा पाय झटकणारा बैल हे सगळं त्यानंतरचं.

म्हणूनच प्रतिजैविकाचं इंजेक्शन या विषाणूवर चालत नाही. ते फक्त जखमेत नंतर शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. लशीनं तयार झालेली प्रतिपिंडं मात्र कवचाचा तो वेटोळा भाग आधीच झाकतात. ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

चार महिन्यांवरच्या वासरांनाही टोचा, पहिलीच लस असेल तर महिन्यानं दुसरी द्या आणि पुढं दर सहा महिन्यांनी. दूध दोन दिवस कमी होईल म्हणून लस टाळू नका, हात जोडून सांगतो. रोगात वासराचं हृदयच निकामी होतं. सकाळी पिणारं वासरू संध्याकाळी आडवं झालेलं असतं. लस बर्फाच्या डब्यातूनच आणलेली हवी, पण गोठलेली नको. सुई दर जनावराला नवी.

हा विषाणू आम्लात टिकत नाही, तसा सोड्यासारख्या तीव्र खारातही टिकत नाही. म्हणून गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा, लिटरला 40 ग्रॅम, आणि पाय त्यात बुडवूनच आत या. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. लागण दिसली तर तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवा, मऊ चारा द्या, पशुवैद्यकाला बोलवा. आजारी बैल बरा होऊन पूर्ण सावरेपर्यंत गाडीला जुंपू नका.