युद्धकाळातल्या बिग बँड जॅझच्या रेडिओ ध्वनिमुद्रणांचा संग्रह कसा करावा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ ऑगस्ट १९४२ रोजी, अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं थांबवलं. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली. कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. या काळात ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी यांचे बिग बँड, म्हणजे मोठ्या ताफ्याचे जॅझ बँड, जोमात वाजत होते, पण या कंपन्यांसाठी त्यांची नवी ध्वनिमुद्रणं होत नव्हती. रेडिओला मात्र ही बंदी नव्हती. त्यामुळे त्या दोन वर्षांतलं बँडचं वादन ऐकायचं, तर पुढे एलपी आणि सीडीवर आलेली रेडिओची ध्वनिमुद्रणंच शोधावी लागतात.

एकच धागा धरा. दिसेल ते घेत सुटलात तर घरात ढीग जमेल, संग्रह होणार नाही. माझी शिफारस एलिंग्टनच्या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमांची. एप्रिल १९४५ पासून अमेरिकी अर्थखात्यासाठी ही मालिका प्रसारित झाली. युद्धरोखे घ्या, असं आवाहन त्यात खुद्द ड्यूक करतात. डेन्मार्कच्या स्टोरीव्हिल कंपनीने हे कार्यक्रम दुहेरी सीडींच्या मालिकेत आणले आहेत.

मूळ स्रोत ओळखा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. लष्कराच्या व्ही-डिस्क ऑक्टोबर १९४३ पासून निघू लागल्या. बारा इंची, न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या या तबकड्यांच्या एका बाजूवर सहा मिनिटांपर्यंत वादन मावे. पण त्यांत खास सैनिकांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांबरोबर जुनी स्टुडिओतली गाणीही आहेत, म्हणून नुसत्या नावावर भुलू नका.

सैन्याच्या रेडिओ सेवेच्या तबकड्या सोळा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, दर बाजूला सुमारे पंधरा मिनिटांच्या. ‘वन नाइट स्टँड’ ही नाचघरांतल्या वादनाची मालिका त्यांवरच आहे, आणि ‘जुबिली’सुद्धा. ‘जुबिली’ कृष्णवर्णीय कलावंतांची. जिमी लन्सफर्ड, बेसी, बिली एक्स्टाइन यांचे बँड समोरच्या श्रोत्यांना ज्या उत्साहाने वाजवून दाखवतात, तो ऐकल्यावर स्टुडिओच्या तबकडीवरच्या तीन मिनिटांत काय मावत नव्हतं ते कळतं. पहिली खरेदी एकच करायची असेल, तर ‘जुबिली’तली करा.

वेष्टणाची मागची बाजू आधी वाचा. तारीख, ठिकाण, वादकांची नावं आणि कार्यक्रमाचं नाव असेल तरच पैसे मोजा. ‘ग्लेन मिलर, युद्धकाळ’ एवढंच छापलेलं असेल तर काहीच कळत नाही: या बँडप्रमुखांचा नागरी बँड सप्टेंबर १९४२ मध्ये विसर्जित झाला आणि नंतरचा हवाई दलाचा बँड व्हायोलिनांच्या ताफ्यासह अगदी वेगळा वाजतो. १५ डिसेंबर १९४४ ला मिलर विमानासह बेपत्ता झाले. त्यानंतरच्या वादनात ते नाहीत, बँड मात्र आहे. शिवाय रेडिओ सेवा जाहिराती काढून टाके आणि कधी वेगवेगळ्या दिवसांचं वादन एकाच भागात जोडे. म्हणून भागाचा क्रमांक म्हणजे वादनाची तारीख नव्हे.

सूर तपासा. नकल करताना तबकडीचा वेग चुकला की सगळा बँड चढतो किंवा उतरतो. सहा टक्के फरक म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. हार्मोनियम घ्या आणि बँडचा शेवटचा सूर जुळवून पाहा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकत असेल, तर दुसऱ्या कंपनीची आवृत्ती शोधा. खरखर पूर्ण पुसलेली आवृत्तीही टाळा. खरखरीबरोबर झांजा आणि ट्रम्पेटची धारही जाते. मला थोडी खरखर चालते, बोथट बँड चालत नाही.

वही ठेवा. तारीख, ठिकाण, गाणं, लांबी मिनिट-सेकंदांत, कंपनी. एकच प्रक्षेपण तीन-चार कंपन्यांनी वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विकलेलं असतं. एकाच तारखेच्या दोन नोंदींची लांबी जवळजवळ सारखी भरली, तर दोन्ही ऐकून चांगली ठेवा.

मूळ सोळा इंची तबकड्यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. घरच्या प्लेयरवर त्या बसत नाहीत. ॲल्युमिनियमच्या टंचाईमुळे युद्धकाळात थेट कोरलेल्या कित्येक तबकड्यांचा गाभा काचेचा होता. त्या टपालातच तडकू शकतात.